तीनशे रेटिंग वरच्या खेळाडूकडून डाव कसा काढायचा

चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी, कुठेही रविवारची बुद्धिबळाची स्विस लीग असो (हरलं तरी बाहेर न पडता सगळ्या फेऱ्या खेळायची स्पर्धा), पहिल्या फेरीत कोण मिळणार हे मानांकन यादी बघूनच कळतं. ही यादी रेटिंगवर, म्हणजे खेळाडूच्या ताकदीच्या आकड्यावर लागते. ऐंशी जण असतील तर पहिल्या मानांकिताला एक्केचाळिसावा, दुसऱ्याला बेचाळिसावा, अशी उतरंड लागते. आपलं नाव खालच्या अर्ध्यात असेल तर कोल्हापूर, सांगली किंवा गोव्याहून आलेला कोणीतरी तगडा गडी पहिल्याच डावाला समोर बसणार. बहुतेक जण ही फेरी हिशेबातून सोडूनच देतात. तसं करायचं काही कारण नाही.

आधी आकडे बघू. फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या तक्त्यात रेटिंगमधल्या २०० गुणांच्या फरकाला खालच्या खेळाडूची डावामागे अपेक्षा ०.२४ धरलेली आहे, ३०० ला ०.१५ आणि ४०० ला ०.०८. जय म्हणजे एक, बरोबरी म्हणजे अर्धा. क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावात १५०० वाल्याने १८०० वाल्याला हरवलं आणि त्याचा के-फॅक्टर (निकालाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा आकडा) २० असेल तर त्याला रेटिंगचे १७ गुण मिळतात. बरोबरीत ७ मिळतात आणि हरला तर फक्त ३ जातात. अठराच्या आतल्या मुलांचा के ४० असतो, त्यांचं सगळं दुप्पट. एवढ्या स्वस्तात एवढी संधी दुसऱ्या कुठल्या फेरीत मिळणार?

शिवाय खालच्या पट्ट्यातलं रेटिंग दगडावरची रेघ नसतं. मार्च २०२४ मध्ये फिडेने २००० च्या खालची सगळी रेटिंग वर उचलली, १००० चे १४०० झाले, १५०० चे १७००, आणि १४०० हा तळ ठरला. त्यात कोकणातली मुलं पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा रेटेड डाव कमी खेळतात, त्यामुळे आकडा मागे आणि खेळ पुढे असं पुष्कळदा असतं. वरच्या खेळाडूला हे माहीत असतं, म्हणून तोही मनातून जरा सावधच बसलेला असतो.

आणखी एक गोष्ट. वरच्याविरुद्ध बरी स्थिती मिळणं तितकं दुर्मीळ नाही. स्पर्धेतल्या पटांवरून चक्कर मारली तर दोन-तीन ठिकाणी खालचा खेळाडू चांगल्या स्थितीत दिसतोच. दुर्मीळ आहे ते त्यापुढच्या पंचवीस-तीस चाली नीट खेळणं. म्हणून ओपनिंगपेक्षा, म्हणजे डावाच्या सुरुवातीपेक्षा, नंतरच्या भागाकडे इथे जास्त लक्ष दिलं आहे.

आदला दिवस

रविवारच्या रॅपिडमध्ये (कमी वेळेच्या डावांच्या स्पर्धेत) जोडी फेरीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी लागते, तेव्हा प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास वगैरे विसरा. तीन-चार दिवसांच्या क्लासिकल स्पर्धेत मात्र जोडी बहुधा आदल्या रात्री चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर दिसते. त्याचे डाव मिळाले तर अर्धा तास द्या, जास्त नको. दोनच गोष्टी शोधा: आपल्या पहिल्या चालीला तो काय उत्तर देतो आणि वजिरांची लवकर अदलाबदल करून शेवटाकडे, म्हणजे कमी मोहऱ्यांच्या टप्प्याकडे जायची त्याला सवय आहे का. त्या रात्री नवीन ओपनिंग शिकू नका. सातव्या चालीला तो पुस्तकाबाहेर गेला की नवं शिकलेलं सगळं गळून पडतं आणि जुनंही आठवत नाही.

प्रवासाचं गणित कोकणात वेगळं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच बदलतं, गाड्यांचा वेग कमी होतो. आंबा, फोंडा, आंबोली कुठलाही घाट केव्हा अडेल सांगता येत नाही. सकाळच्या गाडीने पोचून दहाची फेरी खेळू हा बेत जून ते ऑक्टोबर टाळा. उशिरा आल्यावर किती मिनिटांनी डाव जातो ते स्पर्धेच्या पत्रकात लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. काही ठिकाणी ती सवलत शून्य असते.

दुपारच्या सुट्टीत सुरमईचं ताट, वर दोन वेळा भात आणि मग चौथी फेरी, हा खेळाडू तिसाव्या चालीला जांभया देताना दिसतो. पेज किंवा दोन घावणे, केळं आणि कोकम सरबत एवढ्यावर संध्याकाळपर्यंत चालतं. मासे बक्षीस समारंभानंतर.

वजीर पटावर राहू द्या

खालच्या खेळाडूची सगळ्यात महागडी सवय म्हणजे बरोबरीच्या आशेने मारामाऱ्या करत सुटणं. "पटावर काही उरलंच नाही तर हरणार कसा?" हा त्यामागचा विचार. प्रत्यक्षात वरचा खेळाडू जास्त रेटिंगचा झालेला असतो तो नेमका कमी मोहऱ्यांच्या लांबलचक डावांतच.

उदाहरण म्हणून ही सुरुवात घ्या (आकड्यानंतर आधी पांढऱ्याची, मग काळ्याची चाल; तीन टिंबं असतील तर चाल काळ्याची; नुसतं घर लिहिलं की ती प्याद्याची चाल; × म्हणजे मारणं): १. ई४ डी६ २. डी४ घोडा एफ६ ३. घोडा सी३ ई५. पांढरा खालचा खेळाडू असला की पुष्कळदा ४. डी×ई५ डी×ई५ ५. वजीर×डी८ राजा×डी८ असं होतं. काळ्याचा किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) गेला, म्हणून पांढरा खूश. मग ६. उंट सी४ उंट ई६ ७. उंट×ई६ एफ×ई६. आता काळ्याची ई पट्टीवर दोन प्यादी एकामागे एक आहेत, दिसायला कुरूप. पण नीट बघा: ई६ चं प्यादं डी५ आणि एफ५ सांभाळतं, ई५ चं प्यादं डी४ आणि एफ४. पांढऱ्याच्या घोड्यांना पुढे बसायला मधोमध एकही घर उरलेलं नाही. वजीर नाहीत, त्यामुळे काळ्या राजाला मधे धोकाही नाही. इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक, बरोबरी दाखवतं, आणि ते खरंच आहे. फक्त ही बरोबरी पुढच्या चाळीस चाली बिनचूक खेळून मिळवायची आहे आणि त्या कामात समोरचा तुमच्यापेक्षा सरस आहे.

त्याऐवजी ४. घोडा एफ३ खेळा. डी४ आणि ई५ ची प्यादी एकमेकांसमोर तशीच राहतात, वजीर घरी राहतात, आणि प्रत्येक चालीला "आता मारू का थांबू" हा प्रश्न दोघांपुढे असतो. चुका दोन्ही बाजूंनी होतील. तुम्हाला हवं आहे ते तेच, कारण बिनचूक खेळाच्या शर्यतीत तुम्ही मागेच पडणार आहात.

कुठलीही अदलाबदल करण्याआधी एवढं तपासा: काही पदरात पडतंय का, त्याचा हल्ल्यातला सगळ्यात चांगला मोहरा जातोय का, किंवा उरणारा शेवट तुम्हाला नावानिशी माहीत आहे का. तिन्हींना "नाही" असेल तर मारू नका, ताण धरून ठेवा.

याच्या उलट टोक म्हणजे दहाव्या चालीला उंट एच७ वर फेकून देणं. ते बघायला मजा येते, गुण मात्र समोरच्याला मिळतो. बलिदान द्यायचं तर त्याच्या राजाभोवतीचे रक्षक निघालेले हवेत, तुमचे किमान तीन मोहरे त्या बाजूला पोचलेले हवेत आणि गणित चुकलंच तर सततचे शह देऊन बरोबरी साधायची वाट आधी दिसलेली हवी.

याच्या मधला रस्ता म्हणजे एखादं प्यादं देऊन पुढाकार घेणं. सगळ्यांना ठाऊक असलेली ओळ: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५ डी५ ५. ई×डी५. इथे ५...घोडा×डी५ केलं की ६. घोडा×एफ७ राजा×एफ७ ७. वजीर एफ३ शह, आणि घोडा वाचवायचा तर काळ्या राजाला ई६ वर चालत यावं लागतं. खालच्या पटांवर असे डाव वीस चालींत संपतात. ५...घोडा ए५ खेळा. ६. उंट बी५ शह सी६ ७. डी×सी६ बी×सी६. एक प्यादं कमी आहे, पण पांढऱ्याचा बी५ चा उंट आणि जी५ चा घोडा दोघांनाही आता माघारी जायचंय आणि तोवर काळ्याचे मोहरे बाहेर येतात. रेटिंगवाल्याला बचाव करत बसावं लागतं, जे त्याने पहिल्या फेरीसाठी मनात धरलेलं नसतं.

अगदी वरच्या पातळीवरही फासे असेच उलटतात. टोरांटोच्या २०२४ च्या कँडिडेट्समध्ये (विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत) नाशिकच्या विदित गुजराथीने अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला हरवलं ते काळे मोहरे घेऊन, एच३ वर उंट झोकून. नाकामुरा त्याआधी ४७ क्लासिकल डाव अपराजित होता. आणि आपल्या शेजारी गोव्यात झालेल्या २०२५ च्या वर्ल्डकपमध्ये विश्वविजेता गुकेश तिसऱ्याच फेरीत जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेकडून बाहेर गेला, रेटिंगमध्ये शंभराहून जास्त फरक असताना.

घड्याळ

वेळ हा खालच्या खेळाडूचा हक्काचा मोहरा, आणि तोच तो आधी गमावतो. मोठं नाव समोर बघून नेहमीच्या ओपनिंगलाही पाचव्या चालीपासून विचार सुरू होतो. ९० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंद या प्रकारात पंधराव्या चालीला किमान ६५ मिनिटं आणि तिसाव्या चालीला किमान २५ मिनिटं हातात राहिली पाहिजेत. १५ मिनिटं अधिक १० सेकंदांच्या रॅपिडमध्ये पंचविसाव्या चालीआधी तीन मिनिटांच्या खाली जाऊ नका. स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहायच्या कागदावर, दर पाच चालींनी कडेला उरलेली मिनिटं लिहून ठेवली की वेळ नेमका कुठे गळतो ते दोन-तीन स्पर्धांत कळतं. एवढं लिहायला नियमाची आडकाठी नाही. चाल खेळण्याआधी लिहून ठेवायला मात्र आहे.

वेळ खर्च करायच्या जागा मोजक्या: ओपनिंग संपून पहिला खरा बेत ठरवायचा तेव्हा, प्याद्यांची रचना कायमची बदलणार असेल तेव्हा, आणि समोरच्याने चूक केली असं वाटतं तेव्हा. या तिसऱ्या जागी नव्वद टक्के लोक चटकन हात घालतात. थांबा. वरच्या खेळाडूने फुकट ठेवलेला मोहरा खरंच फुकट आहे का हे बघायला चार मिनिटं द्या. फुकट असेल तर चार मिनिटांनंतरही तो फुकटच राहतो.

समोरचा वेळेच्या अडचणीत आला की आपणही भराभर खेळायचं, हा मोह आवरा. तुम्ही विचार करता तेव्हा तोही तुमच्या वेळेत विचार करतो हे खरं, पण तुमच्या घाईच्या चालीने त्याचं काम सोपं होतं. त्याऐवजी त्याला दोन-तीन सारख्याच चांगल्या उत्तरांतून निवड करावी लागेल अशी चाल शोधा. एकच सक्तीचं उत्तर असलेली चाल त्याच्यासाठी वरदान असते. बाटुमीतल्या २०२५ च्या महिला वर्ल्डकपच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखने, पंधराव्या मानांकनावरून, भारताच्याच कोनेरू हंपीला मागे टाकलं ते बरोबरी फोडायच्या रॅपिड टायब्रेकच्या दुसऱ्या डावात, हंपी वेळेच्या ओढाताणीत असताना.

वीज गेली तर डिजिटल घड्याळ बॅटरीवर चालतच राहतं, तुमची वेळ जातच राहते. पट दिसत नसेल तर घड्याळ थांबवा, हात वर करा, पंचांना बोलवा. अंधारात चाल करून मग भांडू नका. पत्र्याच्या सभागृहात सरी कोसळायला लागल्या की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. अशा वेळी बरोबरीचा प्रस्ताव किंवा "ठीक करतो" (मोहरा नुसता घरात नीट ठेवतोय, चाल नाही) हे शब्द स्पष्ट ऐकू आले नाहीत तर विचारून घ्या.

तो बरोबरी देतो तेव्हा

रेटिंगवाला स्वतःहून बरोबरी देतो याचा अर्थ त्याला स्थिती आवडलेली नाही. क्वचित त्याला जेवायला जायची घाई असते, पण त्यावर विसंबू नका. प्रस्तावाची रीत अशी: चाल करायची, प्रस्ताव द्यायचा, मग घड्याळ दाबायचं. तुम्ही हो म्हणेपर्यंत किंवा मोहऱ्याला हात लावेपर्यंत तो प्रस्ताव उभा राहतो. म्हणून उत्तर लगेच द्यायची गरज नाही. तुमच्या वेळेत स्थिती बघा. तुम्ही वाईट नसाल आणि घड्याळावर त्याच्यापेक्षा जास्त वेळ असेल तर खेळा. तुमच्याकडे दोन मिनिटं आणि त्याच्याकडे वीस असतील तर ७ गुणही वाईट नाहीत, घ्या आणि उठा. त्याने तुमच्या विचाराच्या वेळेत पुन्हा पुन्हा विचारलं तर ते त्रास देणं ठरतं, पंचांना सांगा.

जिंकलेला डाव जिंकणं

मोहरा हाती आला की छाती धडधडते, हात थरथरतो. इथे सगळ्यात आधी करायची गोष्ट म्हणजे खुर्चीवरून उठणं. समोरच्याची चाल चालू असताना पाणी पिऊन या, तोंड धुवा. मोबाईलला हात नको. खेळताना तो अंगावर सापडला तर डाव जाऊ शकतो.

परत आल्यावर दर चालीला एकच क्रम: त्याचे सगळे शह, त्याच्या सगळ्या मारी, त्याच्या धमक्या. हे बघून झाल्यावरच आपला बेत. हरणारा अनुभवी खेळाडू आता काय करणार हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. तो चाली चटचट करायला लागेल, म्हणजे तुम्हीही वेग धराल. तो आणखी एक प्यादं सोडून देईल आणि तुम्ही ते खायला गेलात की त्याचा हत्ती तुमच्या दुसऱ्या रांगेत येऊन बसेल. तो विरुद्ध रंगाचे उंट उरतील अशी अदलाबदल मांडेल, कारण तिथे दोन प्यादी जास्त असूनही डाव बरोबरीत सुटू शकतो. आणि शेवटच्या टप्प्यात तो आपलीच चाल खुंटवून स्टेलमेट (शह नाही पण खेळायला चालही नाही, म्हणजे बरोबरी) शोधेल. त्याचा एकटा राजा कोपऱ्यात आणि तुमच्याकडे वजीर असेल तर प्रत्येक बिनशहाच्या चालीआधी त्याला जायला एक घर आहे ना ते बोटाने नव्हे, डोळ्याने मोजा.

अदलाबदलीचा नियम आता उलटतो. अख्खा मोहरा वर असाल तर वजीर आणि हत्ती मारून टाका. प्यादं वर असाल तर मोहरे मारा, प्यादी मारू नका. सगळी प्यादी संपली तर एकट्या उंटाने किंवा घोड्याने मात होत नाही. कडेचं प्यादं आणि उंट एवढंच उरणार असेल तर रंग बघा: पांढऱ्याच्या एच प्याद्याला काळ्या घरांचा उंट लागतो, ए प्याद्याला पांढऱ्या घरांचा. चुकीचा उंट असेल आणि त्याचा राजा कोपऱ्यात पोचला तर बरोबरी, मग तुमच्याकडे कितीही वेळ असो.

पहिल्या रांगेत अडकलेल्या राजाला शहमात बसून असंख्य जिंकलेले डाव गेले आहेत. वरचढ झालात की एक चाल खर्चून एच३ करा, राजाला पळायला घर ठेवा. ती चाल "वाया" वाटते म्हणून लोक टाळतात.

हत्तींचे शेवट सगळ्यात जास्त येतात, त्यांतली एक स्थिती झोपेतही जमली पाहिजे. पांढरा: राजा जी८, प्यादं जी७, हत्ती एफ१. काळा: राजा ई७, हत्ती एच२. पांढऱ्याचा राजा बाहेर पडला तर शहांचा मारा सुरू होतो, म्हणून आधी १. हत्ती एफ४. काळा १...हत्ती एच१. मग २. हत्ती ई४ शह, राजा डी७ ३. राजा एफ७ हत्ती एफ१ शह ४. राजा जी६ हत्ती जी१ शह ५. राजा एफ६ हत्ती एफ१ शह ६. राजा जी५ हत्ती जी१ शह ७. हत्ती जी४, आणि शह संपले, प्यादं वजीर होणार. सगळी मदार हत्ती चौथ्या रांगेत आधी नेण्यावर आहे. हत्ती पहिल्याच रांगेत ठेवून राजा बाहेर काढणाऱ्यांना मग शहांपासून लपायला जागा सापडत नाही. घरी पटावर दोन्ही बाजूंनी दहा वेळा लावून बघा.

वजीर करताना दुसरा वजीर टेबलावर नसेल तर उलटा हत्ती ठेवू नका, तो हत्तीच धरला जातो. घड्याळ थांबवा आणि पंचांकडून वजीर मागून घ्या.

पंचांकडे जायच्या वेळा

नियमाविरुद्धची चाल करून घड्याळ दाबलं की क्लासिकल आणि रॅपिडमध्ये समोरच्याला दोन मिनिटं मिळतात, दुसऱ्यांदा झालं तर डाव जातो. रॅपिडमध्ये प्रत्येक पटावर पंच उभा नसतो. त्यामुळे समोरच्याची अशी चाल दिसली तर आपली पुढची चाल करायच्या आत घड्याळ थांबवून हरकत घ्या, नंतर ती चाल ग्राह्य धरली जाऊ शकते. तीनदा तीच स्थिती येत असेल आणि तुम्हाला बरोबरी हवी असेल तर येणारी चाल आधी स्कोअरशीटवर लिहा, ती पटावर करू नका, घड्याळ थांबवा आणि पंचांना सांगा. मागणी चुकीची निघाली तर समोरच्याला दोन मिनिटं मिळतात. किल्लेकोट करताना आधी राजा उचला. आधी हत्तीला हात लागला तर त्या बाजूचा किल्लेकोट गेला, आणि वरचा खेळाडू हे सोडून देईल अशी आशा ठेवू नका.

डाव संपला की दोघांनी स्कोअरशीटवर निकाल लिहून सह्या करायच्या आणि निकाल पंचांच्या टेबलावर जाऊन स्वतः सांगायचा. अनपेक्षित निकाल सवयीने उलटा टिपला जाण्याची शक्यता जास्त असते, म्हणून पुढच्या फेरीची जोडी लागण्याआधी निकालपत्रकावर आपल्या नावापुढचा आकडा एकदा बघून घ्या.